नोकरी बदलताना मेडिक्लेमचं काय करायचं: नोटीस पिरियडचे ४० दिवस

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. हिंजवडीत एकाच आयटी कंपनीत सहा वर्षं झाली, आता राजीनामा दिलाय, शेवटचा दिवस ४० दिवसांवर आलाय आणि नवीन कंपनीत जॉइनिंग त्यानंतर १८ दिवसांनी. घरात आई, वय ५८, शुगर आणि बीपी दोन्ही. बायकोला चौथा महिना, ती सध्या नोकरी करत नाही. मुलगी तीन वर्षांची. कंपनीचा ४ लाखांचा मेडिक्लेम आहे, त्यात आईपण आहे, स्वतःची पॉलिसी एकही नाही. आणि विचारताय की हा मेडिक्लेम नवीन कंपनीत ट्रान्सफर होतो का, पीएफ होतो तसा.

नाही होत. पीएफ तुमचा असतो, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तुमचा असतो, कंपनी बदलली तरी तो मागोमाग येतो. मेडिक्लेमची पॉलिसी कंपनीच्या नावावर असते आणि तुम्ही तिच्या यादीतली एक ओळ. ओळ खोडली की विषय संपला. नवीन कंपनीची यादी वेगळी, इन्शुरन्सवाले वेगळे, टीपीए (इन्शुरन्स कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) वेगळा, सगळंच वेगळं. पण तुम्ही आणि मुख्य म्हणजे तुमची आई सहा वर्षं सलग त्या यादीत होतात याला किंमत आहे, चांगली घसघशीत किंमत आहे, आणि ती वसूल करायची तर यादीत नाव असेपर्यंतच करावी लागते. मी २००६ पासून या धंद्यात आहे, पहिली सहा वर्षं एका टीपीएच्या क्लेम डेस्कवर काढली, मग पुण्यातच स्वतःचं काम सुरू केलं, आणि शेवटच्या दिवसाच्या आधी हे विचारणारा माणूस मला वर्षातून दोन-तीनदाच भेटतो. बाकीचे फोन करतात ते हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवरून.

आता ती किंमत म्हणजे नक्की काय ते सांगतो. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत साधारणपणे जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर असतात, म्हणून आपल्याला वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेम मिळत नाही तो काळ, ही भानगड असते हेच माहीत नसतं. बाहेर स्वतःची पॉलिसी घ्यायला गेलात की तीन प्रकारचं वेटिंग लागतं. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा, मुतखडा असल्या ठरावीक गोष्टींना बहुतेक ठिकाणी दोन वर्षं. आणि आधीपासून असलेल्या आजाराला, म्हणजे तुमच्या आईच्या शुगर-बीपीला, जास्तीत जास्त ३६ महिने. हे आधी ४८ महिने होतं, आयआरडीएआयने, म्हणजे विम्याच्या सरकारी नियामकाने, एप्रिल २०२४ पासून ३६ वर आणलं. तरी तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं, ५८ वर्षांच्या शुगरच्या पेशंटला तेवढ्यात काय काय होऊ शकतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तर नियम असा आहे की ग्रुप पॉलिसीतल्या माणसाला, तो ग्रुपमधून बाहेर पडताना, त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच रक्कम) पॉलिसीत जाण्याचा हक्क आहे. याला मायग्रेशन म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पोर्टेबिलिटी म्हणू नका, कस्टमर केअरवाला पोर्टेबिलिटी ऐकलं की भलताच फॉर्म पाठवतो आणि त्यात तुमचे दहा दिवस जातात. पोर्टेबिलिटी म्हणजे एका इन्शुरन्स कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जाणं, ती आपल्याकडे २०११ पासून आहे आणि ती रिन्यूअलच्या वेळी करायची असते. तुमच्या केसमध्ये क्रम असा, आधी मायग्रेशन करून त्याच इन्शुरन्स कंपनीच्या रिटेल, म्हणजे स्वतःच्या नावाच्या, पॉलिसीत यायचं आणि मग ती कंपनी पटली नाही तर पुढच्या रिन्यूअलला पोर्ट करून दुसरीकडे जायचं. मायग्रेशन केलं की ग्रुपमध्ये सलग काढलेली वर्षं वेटिंगमधून वजा होतात. आईची सहा वर्षं झालीत म्हणजे तिचे ३६ महिने कधीच उलटून गेलेत. ते ३० दिवसांचं वेटिंगही लागत नाही.

यात दोन मेख आहेत. पहिली, ही सूट जुन्या रकमेपुरतीच. ग्रुपमध्ये ४ लाख होते आणि आता १० लाखांची पॉलिसी घेतली तर आईच्या शुगरसाठी ४ लाख लगेच उपलब्ध, वरच्या ६ लाखांना नव्याने वेटिंग. त्यातही आई-वडिलांसाठी बऱ्याच कंपन्या वेगळी, कमी रक्कम ठेवतात, तेव्हा तुमच्या ४ लाखांत आई आहे की तिला वेगळे २ लाख आहेत ते ई-कार्डवर एकदा बघून घ्या. दुसरी मेख, हक्क आहे म्हणजे डोळे झाकून पॉलिसी देतील असं नाही. ते आईची मेडिकल टेस्ट मागतील, प्रीमियम रिटेलच्या दराने लागेल, शुगर वर असेल तर लोडिंग, म्हणजे जादा प्रीमियम, लावतील. ग्रुपमध्ये आईसाठी पगारातून जे कापलं जायचं त्याच्या काहीपट आकडा दिसेल आणि तुम्हाला घाम फुटेल. तरी भरा. थोडा दिलासा असा की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय.

आणखी एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. तुमची सहा वर्षं एकाच कंपनीत गेली, पण त्या सहा वर्षांत इन्शुरन्स कंपनी एकच होती का? मोठ्या कंपन्या दरवर्षी कोटेशन मागवतात आणि स्वस्त पडेल तिकडे उडी मारतात, इन्शुरन्सवाला बदलतो, टीपीए बदलतो, आपल्याला फक्त नवीन ई-कार्डचा मेल येतो जो आपण उघडतही नाही. आत्ताच्या इन्शुरन्स कंपनीच्या सिस्टिममध्ये तुमची कदाचित दोनच वर्षं दिसतील. मग आधीची चार वर्षं सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून आज संध्याकाळी बसा आणि ऑफिसच्या मेलमध्ये मागच्या सहा वर्षांची ई-कार्डं शोधून स्वतःच्या मेलवर पाठवा, कंपनीचे नियम परवानगी देत नसतील तर एचआरकडून मागून घ्या. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं आणि त्यानंतर ते कार्ड देवाला माहीत. एचआरला साध्या भाषेत एक मेल लिहा की मला आणि माझ्या आईला प्रत्येक वर्षी कुठल्या पॉलिसी नंबरखाली, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती रकमेचं कव्हर होतं याचं पत्र द्या. बहुतेक ठिकाणी एचआरकडे हे नसतं, त्यांच्या ब्रोकरकडे असतं, आणि ब्रोकरचा माणूस दोन-तीन रिमाइंडर दिल्याशिवाय हलत नाही. ४० दिवस त्यासाठीच लागतात, फॉर्म भरायला अर्धा तास पुरतो.

आता तुमच्या १८ दिवसांच्या गॅपकडे येऊ. खरं सांगू का, पहिला प्रश्न मला हाच पडला की बायको चौथ्या महिन्यात असताना १८ दिवसांचा गॅप ठेवला कशाला. फिरायला जायचं असेल तर नवीन एचआरशी बोलून तो चार-पाच दिवसांवर आणता येतो का बघा, पहिल्याच आठवड्यात सुट्टी मागायला लाज वाटत असेल तर वाटू दे. कारण त्या दिवसांत तुम्ही कुठल्याच यादीत नसता. जुन्या कंपनीचं कव्हर साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवशी मध्यरात्री संपतं, काही ठिकाणी महिनाअखेरपर्यंत चालतं, पण ते लेखी विचारल्याशिवाय गृहीत धरू नका.

इथे एक प्रसंग सांगतो, कारण यात भलेभले फसतात. माझ्या एका क्लायंटचा शेवटचा दिवस होता ११ तारीख. १६ तारखेला रात्री वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, कोथरूडच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं. ॲपमध्ये ई-कार्ड उघडलं तर हिरव्या अक्षरात ॲक्टिव्ह. त्याने काउंटरवर दाखवलं, कॅशलेसची रिक्वेस्ट गेली, तासाभरात सुरुवातीची मंजुरीपण आली, घरचे निवांत झाले, अँजिओप्लास्टी झाली. १९ तारखेला डिस्चार्जच्या वेळी फायनल बिल गेलं आणि तिकडून उत्तर आलं की सभासद पॉलिसीत नाही. झालं असं होतं की एचआर सोडून गेलेल्यांची यादी रोज पाठवत नाही, महिन्यातून एक-दोनदा एकत्र पाठवतं, आणि नाव कमी होतं ते मागच्या तारखेपासून. त्यामुळे १६ तारखेला कार्ड हिरवंच होतं आणि १८ तारखेला यादी गेल्यावर ते ११ पासून लाल झालं. मुलगा माझ्यावर चिडला, मग टीपीएवर, मग हॉस्पिटलवर, चूक तशी कुणाचीच नव्हती, पैसे मात्र त्याचे गेले. ॲप ॲक्टिव्ह दाखवतंय याला काडीचा अर्थ नाही, तारीख बघायची ती रिलीव्हिंग लेटरवरची.

मग गॅपसाठी काय? लोक काय करतात, शेवटच्या आठवड्यात घाईघाईने ऑनलाइन एक पॉलिसी घेतात आणि समजतात की सुटलो. ते ३० दिवसांचं वेटिंग आठवतंय ना? शेवटच्या दिवशी घेतलेली नवीन पॉलिसी तुमच्या १८ दिवसांच्या गॅपमध्ये डेंग्यूलासुद्धा उपयोगी नाही, फक्त रस्त्यावर पडलात तर. पण तुमच्याकडे ४० दिवस आहेत. या दोन-तीन दिवसांत प्रपोजल भरलं, मेडिकल लागलंच तर ते उरकलं आणि आठ-दहा दिवसांत पॉलिसी हातात आली तर तिचे ३० दिवस तुमच्या शेवटच्या दिवसाच्या आसपासच संपतात. जुन्या कंपनीचं कव्हर चालू असतानाच नव्याचं वेटिंग भरून काढायचं, नोटीस पिरियडचा याच्यापेक्षा चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

म्हणून तुमच्या घराचा हिशोब मी असा मांडतो. आईचं मायग्रेशन, तिची वेगळी पॉलिसी, तुमच्या फ्लोटरमध्ये तिला अजिबात घालू नका. फ्लोटरचा प्रीमियम घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, ५८ वर्षांच्या आईला घातलं तर तीन वर्षांच्या मुलीचं कव्हरपण आईच्या दराने पडतं, आणि आईचा एक मोठा क्लेम झाला की वर्षभरासाठी सगळ्यांची रक्कम संपते. तुम्ही आणि मुलगी तरुण, निरोगी, तुम्हा दोघांसाठी बाजारात जी चांगली वाटेल त्या कंपनीचा नवीन फ्लोटर आत्ता घ्या, मायग्रेशनचा हट्ट नको. रूम रेंटची मर्यादा नसलेला बघा, त्यावर खाली बोलतो.

बायकोचं जरा अवघड आहे. गरोदर असताना नवीन प्रपोजल गेलं की बऱ्याच कंपन्या ते बाळंतपणानंतरवर ढकलतात. आणि रिटेल पॉलिसीत मॅटर्निटी असलीच तर तिला वेगळं वेटिंग असतं, नऊ महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंत, म्हणजे या बाळंतपणाला रिटेलचा उपयोग शून्य. तिच्यासाठी मायग्रेशनचा अर्ज टाकून बघा, मिळालं तर बाकी आजारांसाठी कव्हर राहील, नाही मिळालं तर डिलिव्हरीनंतर तीन-चार महिन्यांनी फ्लोटरमध्ये घ्या. आणि त्या १८ दिवसांसाठी लाख-दीड लाख रुपये सेव्हिंगला बाजूला ठेवा, एफडीत नको, रात्री दोनला काढता आले पाहिजेत.

बाळंतपण मात्र नवीन कंपनीच्या पॉलिसीत व्हायचंय, म्हणून जॉइन व्हायच्या आधी तिथल्या एचआरला लेखी विचारा. फोनवर नको, मेलवर. मॅटर्निटी आहे का, किती आहे, कारण ग्रुपमध्ये ती साधारण ५०-७५ हजारांवर थांबते, सिझेरियनला वेगळी मर्यादा असते. नऊ महिन्यांचं वेटिंग माफ आहे की नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, बहुतेक मोठ्या कंपन्यांत माफ असतं पण छोट्या किंवा नव्या कंपन्यांत नसतंही. बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का. काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर ते पैसे मॅटर्निटीच्या ५० हजारांतून जातात की मुख्य रकमेतून, हे विचारा, एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या आयसीयूचं) बिल एका आठवड्यात बाळंतपणाच्या बिलाच्या तिप्पट झालेलं मी पाहिलंय. असले प्रश्न विचारले तर नवीन कंपनीला काय वाटेल असं वाटून घेऊ नका, एचआरला रोज कोणी ना कोणी विचारतं.

आणि आईला तिथे घालता येतं का. काही कंपन्यांत आई-वडील फुकट, काहींत पैसे भरून, काहींत नाहीच. जिथे असतं तिथे १० ते २० टक्के को-पे असतो, म्हणजे प्रत्येक बिलाचा तेवढा हिस्सा तुमचा. जॉइन झाल्यावर पोर्टलवर कुटुंबाची नावं टाकायला मुदत असते, बहुतेक ठिकाणी ३० दिवस, काही ठिकाणी १५. ती हुकली की थेट पुढच्या रिन्यूअलला, मध्ये फक्त नवीन लग्न आणि नवीन बाळ यांनाच दार उघडतं. पहिल्या महिन्यात इंडक्शन, लॅपटॉप, बँक अकाउंट या गडबडीत हा मेल दबून जातो, आणि मग सातव्या महिन्यात माणूस मला विचारतो की आईचं नाव कसं काय नाही.

आता रूम रेंट. पॉलिसीत लिहिलेलं असतं, रूम रेंट रकमेच्या १ टक्का. वाचताना वाटतं, बरं, खोलीचे पैसे थोडे जास्त द्यावे लागतील. तसं नसतं. समजा कव्हर ३ लाख, म्हणजे रोजची खोली ३,००० पर्यंत चालते आणि तुम्ही ६,००० ची घेतली, चार दिवस. बिल १,८०,००० झालं, त्यात खोली २४,०००, औषधं-इम्प्लांट-तपासण्या ८०,००० आणि सर्जन, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंग मिळून ७६,०००. खोली दुप्पट घेतली म्हणून खोलीचे अर्धेच मिळणार, १२,०००, आणि सर्जन-ओटीचेही अर्धेच, ३८,०००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, ते पूर्ण ८०,०००. म्हणजे हातात १,३०,००० आणि खिशातून ५०,०००, खोलीचा फरक मात्र फक्त १२,००० चा होता. नवीन कंपनीत ही मर्यादा असेल तर ॲडमिट होताना काउंटरवर पहिलं वाक्य हेच, आमची खोलीची मर्यादा एवढी आहे, त्यातलीच द्या.

तुम्ही सुपर टॉप-अपचंही विचारलंय, स्वस्त पडतं म्हणून. पडतं, आणि मी स्वतः लोकांना देतो. पण नोकरी बदलणाऱ्याने त्यातला खड्डा बघून ठेवायचा. सुपर टॉप-अपला डिडक्टिबल असतं, समजा ५ लाख, म्हणजे वर्षभरातल्या खर्चातले पहिले ५ लाख दुसऱ्या कुठून तरी यायला हवेत. जुन्या कंपनीचं कव्हर ५ लाख असेल तोवर जोडी जमते. नवीन कंपनीने ३ लाख दिले की मधले २ लाख तुमचे, आणि गॅपच्या दिवसांत तर पूर्ण ५ लाख तुमचे. म्हणून माझ्या मते आधी ५ लाखांची का होईना स्वतःची साधी पॉलिसी, मग त्यावर टॉप-अप, कंपनीचं जे मिळेल ते बोनस समजायचं. दोन पॉलिसी झाल्या तर क्लेम कुठून करायचा हे तुम्ही ठरवू शकता, आधी कंपनीची वापरा, ती संपली तर उरलेलं स्वतःच्या पॉलिसीतून, आणि कंपनीच्यातच भागलं तर स्वतःचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी वाढ) शाबूत राहतो.

फॉर्म भरताना एकच गोष्ट सांभाळा. आईची शुगर लिहा, बीपी लिहा, गोळ्यांची नावं लिहा, दहा वर्षांपूर्वी गर्भाशयाचं ऑपरेशन झालं असेल तर तेही लिहा. एखादा एजंट म्हणेल की शुगर लिहू नका, टेस्टच्या आधी दोन दिवस गोड बंद करा, रिपोर्ट नॉर्मल येतो. त्याचं कमिशन तुमच्या पहिल्या चेकला मिळतं, क्लेम येईल तेव्हा तो फोन उचलत नाही. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवली या कारणावर क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, पण ते पाच वर्षांनंतर. ग्रुपमधली सलग वर्षं त्यात धरून घ्यायची असतील तरी मायग्रेशनच्या कागदावर ती नोंदलेली हवीत.

आणि याच्याशी जोडलेली एक बारीक गोष्ट, जी क्लेम डेस्कवर बसूनच कळते. पेशंट ॲडमिट झाला की रात्री एक तरुण रेसिडेंट डॉक्टर येतो, दमलेला असतो, विचारतो शुगर किती वर्षांपासून. नातेवाईक म्हणतो, झाली असतील आठ-दहा वर्षं. तो केस पेपरवर लिहितो, के/सी/ओ डीएम, १० वर्षं, म्हणजे १० वर्षांपासूनचा शुगरचा पेशंट. संपलं. तुमच्या फॉर्ममध्ये लिहिलंय सहा वर्षं, केस पेपरवर दहा, आणि तपासणारा माणूस केस पेपर धरून बसतो. मग पहिल्यांदा निदान झालं तेव्हाचा लॅबचा कागद शोधत तुम्ही गावभर फिरता. आईचा तो पहिला रिपोर्ट आत्ताच शोधा, फोटो काढून ठेवा, आणि घरात सगळ्यांना एकच वर्ष सांगून ठेवा. माहीत नसेल तर डॉक्टरला म्हणायचं, नक्की आठवत नाही, फाइल बघून सांगतो. अंदाजपंचे आकडा द्यायचा नाही.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांचा फ्री लूक असतो, वाचून पटली नाही तर परत करता येते. त्यात दोन पानं नक्की वाचा, एक ज्यावर आईचे आजार आणि वेटिंगची तारीख छापलीय ते, आणि दुसरं स्वतःच्या फॉर्मची कॉपी. मायग्रेशन करूनही शेड्यूलवर, म्हणजे त्या पहिल्या पानावर, वेटिंग ३६ महिने असं छापून आलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय, सिस्टिममध्ये नवीन पॉलिसी म्हणून पंच केलेली असते. तेव्हाच मेल टाकून दुरुस्त करून घ्या. इन्शुरन्स कंपनी ऐकत नसेल तर तिच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर, तरी नाही तर विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातही आहे आणि तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही.

तुमच्या भावाचं विचारलंत, अंबड एमआयडीसीतून दुसऱ्या कारखान्यात जातोय आणि पगार २१,००० च्या वर जाणार, म्हणजे नवीन ठिकाणी ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) नाही. त्याला सांगा की ईएसआयसी लगेच संपत नाही. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये कापलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. किती दिवसांची वर्गणी जमा आहे ते शाखा ऑफिसात बघून घ्यावं आणि तेवढ्या काळात स्वतःची पॉलिसी सुरू करावी. आणि तुमचं नाव रेशन कार्डावर असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कव्हर आहे, ठरावीक उपचार आणि ठरावीक हॉस्पिटलं, पण गॅपमध्ये मोठं काही आलं तर काउंटरवर आरोग्यमित्राला (योजनेच्या हॉस्पिटलमधल्या माणसाला) विचारायला विसरू नका, आयटीतली माणसं हे आपल्यासाठी नाही म्हणून विचारतच नाहीत.

फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सोडतानाच्या हिशोबात, एक बघा, आईच्या प्रीमियमचे पैसे वर्षाचे कापलेत आणि तुम्ही मध्येच सोडताय, क्लेम केला नसेल तर काही कंपन्या उरलेल्या महिन्यांचे परत देतात, पण मागितल्याशिवाय नाही. जुन्या टॅक्स रिजिममध्ये असाल तर ते कापलेले पैसे आणि आईची नवीन पॉलिसी दोन्ही हेल्थ इन्शुरन्सच्या टॅक्स सवलतीत (८० डी) धरता येतात, नव्या रिजिममध्ये काही नाही.

आणि बाळाचं. नवीन कंपनीच्या पोर्टलवर बाळाचं नाव टाकायलाही मुदत असते, जन्मापासून १५ किंवा ३० दिवस. लोक इथे बारशाची वाट बघतात, आत्याला सुट्टी मिळत नाही, गावाहून माणसं यायची असतात, नाव ठरत नाही, जन्म दाखला निघत नाही, आणि मुदत उलटते. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर बाळाची नोंद आईच्या नावाने, बेबी ऑफ अमुक, अशी असते. तेच नाव आणि तेच कार्ड पोर्टलवर चढवून त्याच आठवड्यात मोकळे व्हा, खरं नाव नंतर बदलून मिळतं.